बाबांनी विचारलेल्या त्या लाइनीबद्दल

ती. बाबा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

मी एकदम बरी आहे. हे आधीच लिहिते कारण आई बाकी काही वाचायच्या आधी तेच शोधणार. खोकला गेला, रूममध्ये हीटर आहे आणि तो चालतो, दोन्ही वेळ नीट जेवते, इथल्या इंडियन दुकानात कोकम मिळतं त्यामुळे माशाची आमटी जवळजवळ आपल्यासारखी होते. तिकडे पावसाने कुडाळात धुमाकूळ घातलाय असं दादा म्हणाला, इकडे मेलबर्नला उलटं, जुलै म्हणजे भर थंडी आणि संध्याकाळी साडेपाचला काळोख. पण काळोख म्हणजे लगेच भीती असं काही नाही आई, रस्त्यावर दिवे असतात, माणसं असतात आणि ट्राम कामाच्या ठिकाणापासून चार पावलांवर थांबते.

फोनवर बाबांना तुटक ऐकू येतं, मग तुम्ही नुसतं हो हो म्हणता आणि फोन आईकडे देता, म्हणून यावेळी सगळं टाइप करून पाठवतेय. दादाला सांगा प्रिंट काढताना अक्षर मोठं ठेव.

बाबा, मागे मी म्हटलं होतं की मी ज्या ट्रामने कामावर जाते तिथे आधी लोकल ट्रेन चालायची, ती बंद करून त्याच जागेवर ट्राम केली, तेव्हा तुम्ही एकदम गप्प झालात आणि मग म्हणालात, चालती लाइन बंद करतात म्हणजे कसले लोक ते. ते माझ्या डोक्यातून गेलंच नाही. आपली कलमं कोकण रेल्वेच्या लाइनीखाली गेली, आजोबा शेवटपर्यंत त्या झाडांची आठवण काढायचे, त्या बदल्यात तुम्हाला नोकरी मिळाली आणि मग तुम्ही जन्मभर तीच लाइन राखलीत, पावसाळ्यात रात्री बत्ती आणि पिशवीत धोक्याच्या वेळी रुळावर लावायचे फटाके घेऊन कटिंगमधून चालत जायचं, दरड उतरलीय का बघायची, आणि सकाळी भिजलेले घरी येऊन आधी चहा मागायचा. अशा माणसाला लाइन बंद झाली हे ऐकवणारच नाही. म्हणून मी इथे विचारलं, वाचलं, आणि आता तुम्हाला नीट सांगते, कारण लाइन टाकून दिली असं नाही झालेलं.

ही सेंट किल्डाची लाइन, शहरातून समुद्राकडे जाणारी. सुरू झाली १८५७ साली, म्हणजे आपल्याकडे बंड झालं त्या वर्षी. बोरीबंदर-ठाणे १८५३ ची ना, तिच्यानंतर चारच वर्षांनी. आणि हिच्या बाजूची पोर्ट मेलबर्नची लाइन तर १८५४ ची, ऑस्ट्रेलियातली पहिली वाफेवरची रेल्वे तीच. दोन्ही गाड्या फ्लिंडर्स स्ट्रीट नावाच्या मोठ्या स्टेशनातून निघायच्या, यारा नदीवरचा सँडरिजचा पूल ओलांडायच्या आणि मग फुटायच्या, एक बंदराकडे आणि एक सेंट किल्डाकडे. १९१९ ला वायर आली, १५०० व्होल्ट डीसी. मुंबईच्या लोकलला इतकी वर्षं होतं तेच व्होल्टेज, पण मुंबईत वीज आली १९२५ ला आणि आपल्या कोकणच्या अख्ख्या लाइनीवर वायर पोचायला २०२२ उजाडलं.

आमच्या एज्ड केअरमध्ये, म्हणजे मी काम करते त्या वृद्धाश्रमात, एक आजी आहेत, आयुष्य सगळं मिडल पार्क स्टेशनाच्या जवळ गेलं त्यांचं. मी त्यांना अंघोळ घालताना, केस विंचरताना ट्रेनचं विचारलं की खुलतात. लाकडी लाल डबे होते म्हणाल्या, दरवाजे हाताने सरकवायचे, उन्हाळ्यात पोरं दरवाजे उघडे टाकून दारात उभी राहायची. मी म्हटलं आमच्या मुंबईत अजून राहतात, तर त्यांना खरंच वाटेना. सुट्टीच्या दिवशी समुद्रावरून परतणारी मुलं ओले कपडे घालून सीटवर बसायची, डबाभर वाळू, आणि गार्ड ओरडायचा. सकाळी ऑफिसला निघालं की दहाएक मिनिटांत फ्लिंडर्स स्ट्रीट. हे दहा मिनिटांचं त्या परत परत सांगतात, कारण ट्राम शहरातल्या रस्त्यांवरून फिरून जाते, तिला वेळ जास्त लागतो, आणि त्यांना ते अजून पटलेलं नाही. शेवटची ट्रेन ३१ जुलै १९८७ ला गेली, शुक्रवार होता, त्या दिवशी त्या नवऱ्याबरोबर स्टेशनवर गेल्या होत्या. नवरा ट्रेन गेल्यावरसुद्धा बराच वेळ तिथून हलेना म्हणाल्या. मला तेव्हा तुम्ही आठवलात बाबा.

बंद का केली, तर ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एक सरकारी अहवाल आला होता, त्यात शहरातल्या बऱ्याच लाइनी तोट्यात आहेत, बंद करा अशी शिफारस होती. लोक खवळले, त्यातल्या बहुतेक लाइनी वाचल्या. या दोन लाइनींना मात्र ट्रेनऐवजी ट्राम मिळाली. आता तुमच्या कामाचं सांगते. इथल्या ट्रेनचा गेज (आई, गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) १६०० मिलिमीटर, आपल्या १६७६ पेक्षा थोडा कमी, आणि ट्रामचा १४३५. म्हणजे सगळे रूळ जवळ आणावे लागले, वायरमधलं व्होल्टेज १५०० वरून ६०० वर आलं, उंच प्लॅटफॉर्म ट्रामला उपयोगाचे नाहीत म्हणून खाली बुटके थांबे बांधले. आणि हे सगळं सेंट किल्डाला चारेक महिन्यांत झालं, नोव्हेंबर १९८७ ला ट्राम सुरूसुद्धा झाली, पोर्ट मेलबर्नची डिसेंबरात. तुम्ही असतात तर रोज कडेला उभे राहून बघत बसला असतात.

जमीन तीच आहे, मार्ग तोच आहे. ९६ नंबरची ट्राम शहरातल्या गर्दीतून हळूहळू येते, सिग्नलला थांबत थांबत, आणि क्लॅरेंडन स्ट्रीट सोडून जुन्या लाइनीवर शिरली की एकदम सुटते, कारण तिथे गाड्यांची गर्दी नाही, तिचे स्वतःचेच रूळ. बसल्या जागी कळतं की आता आपण रेल्वेवर आहोत. साउथ मेलबर्न, अल्बर्ट पार्क, मिडल पार्क, स्टेशनांची नावंसुद्धा तीच, जुन्या इमारती उभ्या आहेत, एकीत तर पुढे कॅफे निघाला आणि सेंट किल्डाची १८५७ ची इमारतपण पाडलेली नाही. पूर्वी ट्रेन तिथे संपायची, ट्राम तिथून रस्त्यावर उतरते आणि पार समुद्रापर्यंत जाते. म्हाताऱ्या माणसांना चढायला पायरी नाही, नवीन ट्राम सगळ्या खालच्या फ्लोअरच्या आहेत, व्हीलचेअर सरळ आत. मला विचाराल तर त्यांनी बरोबर केलं. ट्रेन गेली याचं वाईट वाटणाऱ्यांना वाटणारच, पण तिथे हायवे नाही केला, टॉवर नाही उभे केले, माणसांना जायला-यायलाच ठेवलं. ही मोठी गोष्ट आहे.

आजोबा गिरणीत असताना मुंबईत ट्राम होती ना, ते सांगायचे दादर टीटीची, म्हणजे ट्राम टर्मिनसची गोष्ट. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला आली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं होती, आजोबापण त्यात होते. मग ती कायमचीच गेली आणि आता टीटी म्हणजे काय हे कोणाला माहीत नाही, टॅक्सीवाल्यालासुद्धा नाही. मेलबर्नने मात्र ट्राम सोडली नाही, जगभर उखडत होते तेव्हाही नाही, आज जवळपास २५० किलोमीटर जाळं आहे आणि जगातलं सगळ्यात मोठं म्हणतात. आजोबांना इथे एकदा बसवायला पाहिजे होतं.

ट्राममुळे इथे एक अजब प्रकार आहे तो सांगितल्याशिवाय राहवत नाही आणि दादाला मुद्दाम वाचून दाखवा. गाडी इथेपण आपल्यासारखीच डावीकडून चालवतात. मग उजवीकडे वळायचं तर आपण उजव्या बाजूला येऊन थांबतो, बरोबर? इथे शहराच्या मध्यात बऱ्याच चौकांत उजवीकडे वळायचं असेल तर आधी डाव्या कडेला जायचं! खरंच. रस्त्याच्या मधोमध ट्रामचे रूळ, तिथे वळणाऱ्या गाड्या थांबल्या तर ट्राम अडकणार, म्हणून. तर तुम्ही डाव्या लेनमध्ये यायचं, उजवीकडचा इंडिकेटर लावायचा, हिरवा मिळाला की चौकात पुढे जायचं, माणसं ओलांडतात तो पट्टा मोकळा सोडून डाव्या कोपऱ्यात थांबून राहायचं, मागच्या गाड्या तुमच्या उजवीकडून सरळ निघून जातात, आणि तुम्हाला ज्या रस्त्याला वळायचंय त्याचा सिग्नल हिरवा झाला की सगळा चौक कापून उजवीकडे जायचं. तोपर्यंत चौकात मध्येच गाडी घेऊन बसायचं आणि कोणी हॉर्न मारत नाही! प्रत्येक चौकात नाही हं, जिथे पाटी लावलीय तिथेच. दादाने कागदावर काढून बघावं, नाहीतर कळणार नाही. आई, मी गाडी चालवत नाही, फक्त ट्राममधून बघते, तेव्हा काळजी नको. आणि रस्त्यावरच्या थांब्याला ट्राम उभी असेल, माणसं उतरत असतील, तर मागच्या गाडीने थांबायलाच लागतं, कायदाच आहे तसा.

त्या सँडरिजच्या पुलावरून आता ट्रेन जात नाही, चालायला केलाय. वर मोठमोठे स्टीलचे पुतळे उभे केलेत, बाहेरून येऊन इथे राहिलेल्या माणसांसाठी म्हणून, आणि काचेच्या पट्ट्यांवर एकेका देशाचं नाव आणि तिथून आलेल्या लोकांची माहिती. भारताची पट्टी आहे. मी तिथे जाते कधीकधी सुट्टीला. काही खास नाही, नदी दिसते, गार वारा असतो, फोटो पाठवते पुढच्या वेळी. वाचताना मनात येतं की या आकड्यात आता मीपण धरली जाणार, मग जरा वेळ काही सुचत नाही. पण ते तेवढंच, लगेच बरं वाटतं, तुम्ही लगेच आत्याला फोन करून पोर रडते म्हणून सांगू नका.

नाइट ड्यूटी मी मागून घेतली, कोणी लादली नाही. त्यात पैसे जास्त मिळतात आणि रात्री आजी-आजोबा झोपलेले असतात त्यामुळे धावपळ कमी. दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांचं करायला एवढ्या लांब गेली असं काकी म्हणाल्या ते कळलं मला. त्याला माझ्याकडे उत्तर नाही, पण हे काम मी चांगलं करते आणि मनापासून करते एवढं त्यांना सांगा.

आता पैशांचं. या महिन्याचे जरा जास्त पाठवलेत, ते बाबांच्या मोतीबिंदूसाठीच आहेत, त्यातून कौलं बदलू नका, कौलांचे मी दिवाळीनंतर वेगळे पाठवते. ऑपरेशन पाऊस संपला की लगेच करून घ्या, डोळ्याला काय होतंय म्हणून पुढे ढकलू नका. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता मी इथूनच भरतेय, बँकेतून फोन आला तर घाबरू नका, दादाला माहितीये. चवथीला मात्र यंदा येता येत नाहीये. व्हिसाचे पैसे भरायचेत आणि त्या दिवसांत तिकीट फार महाग आहे, दोन्ही एकदम झेपणार नाही. गेल्या वर्षीपण हेच सांगितलं होतं ते मला आठवतंय. आरतीच्या वेळी व्हिडिओ कॉल लावा, मी सुट्टी टाकलीय त्या दिवशी, सकाळपासून नेसून तयार बसेन. मोदकाचं सारण माझ्या वाटचं शेजारच्या पोरांना द्या.

आणि कणकवलीच्या त्या स्थळाला आत्ताच हो म्हणू नका. पत्रिका जुळते म्हणून नाही होत आई. दुसरं कारण आहे. इथे एकजण आहे, चिपळूणचा, इलेक्ट्रिशियनचं काम करतो, घरचे तिकडेच असतात, वडील एसटीत होते. दीड वर्ष ओळख आहे. आपल्यातला नाही, हे तुम्ही विचारायच्या आधी मीच सांगते, बाबांनी रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, आईवर नको, तिला आज हे वाचेपर्यंत काहीच माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी त्याच्या आईचा फोन येईल संध्याकाळी. आई, तू उचल. बाबांनी बोलायचं की नाही ते त्यांनी ठरवावं, पण त्याने तुमच्यासाठी ट्रामच्या रुळाचे फोटो काढून ठेवलेत, गेज दिसेल असे जवळून, आणि ते पाठवू का असं विचारतोय.

वहिनीला आणि चिंगीला पापा.

तुमची,
बाय