उरलेल्या स्क्रूंसाठी

प्रिय काका,

परवा तुमच्या बाइंडिंगच्या दुकानातून दिवाळी अंकांचा गठ्ठा घेऊन निघालो तेव्हा तोंडातून शब्दच फुटला नाही. नुसता हात जोडून आलो. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून हे पत्र, सगळ्यांदेखत.

गेली २२ वर्षं मी जुन्या दिवाळी अंकांतली यंत्रांवरची व्यंगचित्रं जमवतोय. रेडिओ, टेलिफोन, स्कूटर, मिक्सर. घरात पहिलं यंत्र आलं तेव्हा आपली माणसं कशी भांबावली, कशी मिरवली, ते या चित्रांइतकं मला कुठेच सापडलं नाही. व्यंगचित्रकार वसंत सरवटे तर स्वतः सिमेंट कंपनीत इंजिनिअर होते. त्यांनी काढलेली इमारत बघितली की वाटतं, ही उभी राहणारच!

पण कागद दगा देतो. पिना गंजतात, पानं तपकिरी होऊन कडेनं झडतात. ‘आवाज’ या दिवाळी अंकातली खिडकीचित्रं तर आणखी नाजूक, कारण पानालाच खिडकी कापलेली. आणि माणसंही दगा देतात. तुमच्याआधी एका बाइंडरनं माझे आठ अंक सरळ कटिंग मशीनखाली घातले. चित्रांखालच्या ओळीच्या ओळी उडाल्या. एका वाचनालयाला ‘मी येतोय, थांबा’ असं दोनदा सांगितलं होतं. तरी त्यांनी सगळे जुने अंक किलोवर रद्दीत घातले. आजही आठवलं की जीव जळतो.

तुम्ही एकही कड कापली नाहीत. एकेक पीन उपसून दोऱ्यानं शिवलंत. पण मी गलबललो ते गठ्ठ्यावरच्या काडेपेटीमुळे. तिच्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं : ‘१९६१, पान ८७, खालचा कोपरा’. आत नखाएवढा कागदाचा तुकडा.

ते चित्र मला पाठ आहे. गृहस्थानं घरीच रेडिओ दुरुस्त केलाय, रेडिओ गातोय, बायको कौतुकानं बघतेय. आणि खालच्या कोपऱ्यात उरलेल्या स्क्रूंचा ढीग. तो कोपरा गेला की उरतो फक्त रेडिओ ऐकणारा माणूस. तुमच्या टेबलावर दिवसभर कागदाचा कचरा पडतो, काका. त्यातून हा कपटा तुम्ही वेचलात, कुठल्या पानाचा ते शोधलंत, आणि पैसे विचारले तर ‘शिवणीचेच द्या’ म्हणालात. कुणी बघत नसताना असं काम करणारी माणसं आहेत, म्हणून जुनं काही टिकतं.

तो तुकडा चिकटवायची माझी हिंमत नाही. रविवारी अंक घेऊन येतो. तुमच्याच हातानं लावा.

तुमचा,
दिवाळी अंकवाला