जुना रिसीव्हर घेताना आधी मागची बाजू पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली. घरं रिकामी करायच्या शेवटच्या आठवड्यात भंगारवाल्याचा टेम्पो रोज फाटकाशी उभा असायचा. एका सकाळी त्यात टेबल फॅन आणि पत्र्याच्या ट्रंकांच्या मधे मला ॲल्युमिनियमची चकचकीत पट्टी आणि ट्यूनिंगचा जाडजूड नॉब दिसला. सान्सुई या जपानी कंपनीचा स्टीरिओ रिसीव्हर, म्हणजे रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत, सत्तरच्या दशकातला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे यजमान बोटीवर होते, त्यांनी आणलेला. मी टेम्पोवाल्याला चार पैसे जास्त देऊन तो उतरवून घेतला.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टेस्टिंग विभागात मी 31 वर्षं काढली. निवृत्तीनंतर असे सेट दुरुस्त करतो. हल्ली बरीच तरुण मुलं हौसेने जुने रिसीव्हर विकत घेतात, पण मुखडा आणि वॅट पाहून भुलतात, याचं वाईट वाटतं. म्हणून हे पत्र.

सेट हाती आला की तो आधी उलटा फिरवावा. मागच्या पट्टीवर व्होल्टेज लिहिलेलं असतं. बोटीवरून किंवा आखातातून आलेल्या सेटवर बहुधा 110 पासून 240 पर्यंत बदलता येणारा सिलेक्टर असतो; तो बरोबर जागी लावला की आपल्याकडे चालतो. खास जपानच्या बाजारासाठी बनलेला सेट मात्र 100 व्होल्टचा. आपल्या 230 ला थेट लावला तर ट्रान्सफॉर्मर जळालाच म्हणून समजा, आणि तसा दुसरा मिळत नाही. व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लावून तो सुरू केला, तरी डायल पाहावी. जपानचा एफएम 76 पासून 90 मेगाहर्ट्झपर्यंत होता आणि आपल्याकडची 91.1 पासून 107.1 पर्यंतची स्टेशनं त्याच्या पुढे आहेत. सेट धडधाकट असूनही मुंबईचं एकही स्टेशन लागत नाही, आणि माणूस ट्यूनर बिघडला समजून तो उघडत बसतो.

दुसरी गोष्ट आतली. आउटपुटला, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या भागात, सुटे ट्रान्झिस्टर आहेत की ते सगळे आत बंद केलेला एकच काळा ठोकळा, हे विकणाऱ्याला विचारावं, झाकण काढून दाखवायला सांगावं. पायोनियरच्या एसएक्स-780 मध्ये एसटीके-0050 हे ठोकळे आहेत. सेट म्हणून तो उत्तमच, पण ठोकळा गेला तर अस्सल मिळणं कठीण, बाजारात नकली फार. मी स्वतः एका सेटला असाच नवा म्हणून आणलेला ठोकळा लावला. पंधरा मिनिटांत जळकट वास आला आणि जाताना तो डावा स्पीकरही घेऊन गेला. त्या सेटच्या मालकाला मी काय तोंड दाखवलं, ते माझं मला ठाऊक. सुटे ट्रान्झिस्टर असले की जोडीचा पर्याय शोधता येतो. कंडेन्सर तर सगळेच बदलता येतात, ती चिंता नको. फुटलेली डायलची काच आणि हरवलेला नॉब मात्र कुठून आणणार? म्हणून मळलेला चालेल, पण अखंड आणि कोणी आत हात न घातलेला सेट घ्यावा.

वॅटचं वेड सोडावं. 1978 च्या पायोनियर एसएक्स-1980 चे चॅनेलला 270 वॅट होते, त्याचं कौतुक मलाही आहे. पण 30 चे 60 वॅट केले तर आवाज वाढतो तो 3 डेसिबलच. ठाण्यातल्या दहा बाय बाराच्या खोलीत 20 वॅट पुष्कळ झाले. त्या काळच्या मरँट्झ कंपनीच्या सेटमध्ये 2230 हे मॉडेल म्हणजे 30 वॅट, 2270 म्हणजे 70. पहिल्यांदा हात घालणाऱ्याने लहानच घ्यावा. भाग कमी, उष्णता कमी, चूक झाली तर नुकसानही कमी.

आणि आणल्या आणल्या प्लग लावू नये, हे कळकळीने सांगतो. 100 वॅटचा जुना तारेचा पिवळा दिवा सेटच्या सिरीजमध्ये, म्हणजे सेटची वीज दिव्यातूनच जाईल असा जोडावा, स्पीकर काढून ठेवावेत. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तसाच भगभगत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करावं. नंतर स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने डीसी व्होल्टेज मोजावं. ते 50 मिलिव्होल्टच्या आत असेल तरच स्पीकर जोडावा. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो, तेव्हा लगेच आत बोटं घालू नयेत.

काकूंच्या सेटमध्ये उंदराने डायलचा दोरा कुरतडला होता आणि आपल्या दमट हवेने सिलेक्टर स्विच हिरवट पडला होता. दोन्ही कामं झाली. दोरा पुलीवर तीन वेढे घेऊन स्प्रिंगला अडकवताना दोनदा सुटला, तिसऱ्यांदा बसला. काटा आता सरळ सरकतो. व्हॉल्यूम कंट्रोलची थोडी खरखर उरली आहे.

नौपाडा, पाचपाखाडी, कोपरीतल्या ज्या सोसायट्या रिकाम्या होत आहेत, त्यांच्या सेक्रेटरींना माझी विनंती आहे. टेम्पो बोलावण्याआधी फलकावर एक ओळ लिहा, की जुने रेडिओ, रिसीव्हर, रेकॉर्ड प्लेअर कार्यालयात आणून ठेवावेत. घेणारी मुलं गावात आहेत. काकू सध्या कळव्याला भाड्याने राहतात. येत्या रविवारी सेट रिक्षात घालून त्यांच्याकडे नेणार आहे.

आपला,
एक निवृत्त तंत्रज्ञ, नौपाडा, ठाणे