शिवी मोठ्यांची, कान मुलांचे

संपादक महोदय,

मोठ्या माणसाने शिवी हासडायची आणि कॅमेरा लगेच शेजारच्या मुलाच्या चेहऱ्यावर न्यायचा, हा विनोदी मालिकांतला ठरलेला हशा झाला आहे. पडद्यावर काय दाखवावे हा वाद चालूच राहील. पण सेटवरच्या मुलाने ती शिवी ऐकण्याची गरजच नसते. नटाचा क्लोजअप मूल सेटबाहेर गेल्यावर घ्यावा. मुलाची प्रतिक्रिया वेगळी टिपावी, तेव्हा समोरच्याने साधा शब्द म्हणावा. दोघे एकाच चौकटीत हवेत? मग मुलाच्या उंचीची प्रौढ व्यक्ती पाठमोरी उभी करता येते.

तेही नको असेल तर साध्या शब्दावर शिवी मागाहून डब करावी. गाडी अडते ती इथेच. प, ब, भ, म उच्चारताना ओठ मिटतात. क, ग, ह उच्चारताना मिटत नाहीत. हे पाहून, ओठांची हालचाल शिवीशी जुळेल असा पर्यायी शब्द संहितेतच ठरवला नाही, तर डबिंग लगेच उघडे पडते. आयत्या वेळी नटावर सोडले की हमखास चुकते.

राहिला ‘बीप’. तो म्हणजे शिवी झाकणारा साधारण १००० हर्ट्झचा सूर. संकलक पुष्कळदा शिवीचे पहिले अक्षर मोकळे सोडतो, म्हणजे घरातले मूल उरलेला शब्द स्वतःच पूर्ण करते! आवाज शब्दाच्या आधीपासून तोडावा, त्या क्षणी बोलणाऱ्याचे तोंड दाखवू नये. आणि हो, उपशीर्षकही तपासावे. आवाज झाकलेला शब्द खाली अक्षरांत तसाच राहून जातो.