रिबचे साचे देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न.

हे पत्र तुमच्या हाती देता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. पुण्यात आज जी मुलं रेडिओवर उडणारं फोमशीटचं पहिलं छोटं विमान जोडतायत, त्यांना तुम्ही आम्हाला काय काय दिलंत ते कळावं आणि त्यातलं उपयोगी पडेल ते त्यांनी घ्यावं, एवढाच हेतू आहे.

पहिले आभार वजनकाट्याचे. बाल्सा, म्हणजे विमानाचं ते अगदी हलकं लाकूड, मागवलं की आलेली शीट कापायला घ्यायची, ही नवख्यांची नेहमीची रीत. तुम्ही प्रत्येक शीट आधी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवायला लावलीत आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं वजन लिहायला लावलंत. दीड मिलिमीटर जाड, ७५ मिलिमीटर रुंद आणि ९१५ मिलिमीटर लांब शीट १२ ग्रॅम भरली तर ती हलकी, १६ च्या आसपास मध्यम आणि २४ ला पोचली तर जड. एकाच गठ्ठ्यात तिन्ही निघतात. हलकी शेपटीला आणि मध्यम रिबना, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्यांना. स्पारच्या, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या कण्याच्या, पट्ट्याही अशाच तोलून त्यातल्या जड, कडक निवडायच्या. मग शीट रुंदीच्या दिशेनं हलकेच वाकवून पाहायची. सहज गोल होते ती पंखाच्या पुढच्या कडेवरच्या आवरणाला चालते. जी वाकत नाही आणि जिच्यावर चमकदार ठिपके दिसतात, ती रिबला. उलटं केलं तर आवरण चिरतं आणि रिब लुळी पडते.

शेपटी हलकी का, याचं गणित तुम्ही कागदावर मांडून दाखवत होतात. शेपटी तोलबिंदूपासून ७५ सेंटिमीटर मागे आणि नाक २५ सेंटिमीटर पुढे असेल, तर मागे वाढलेल्या प्रत्येक १० ग्रॅमसाठी नाकात ३० ग्रॅम शिसं घालावं लागतं. म्हणजे शेपटीवरच्या डोपच्या (कागदी आवरणावर लावायच्या लॅकरच्या) एका जादा हातासाठी विमान चौपट वजन उचलतं. हे आकडे एकदा समोर आले की शेपटीवर रंगीत स्टिकर लावायची हौस आपोआप मागे पडते. आणि तोलबिंदू कुठे ठेवायचा? साध्या ट्रेनरसाठी, म्हणजे शिकाऊ विमानासाठी, पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर. रुंदी २२ सेंटिमीटर असेल तर पुढच्या कडेपासून ५५ ते ६६ मिलिमीटर. पहिल्या उड्डाणाला ५५ च्या बाजूला राहायचं, कारण नाक जड असलं तर विमान एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप) जास्त मागतं पण ताब्यात राहतं. शेपूट जड असलं तर नाक एकदा वर गेलं की स्वतःहून खाली येत नाही, आणि नवख्याचा हात तेवढा चपळ नसतो. बॅटरी आत ठेवून मोजायचं, रिकामं नाही. हे शेवटचं वाक्य तुम्ही दर वेळी आवर्जून सांगत होतात आणि ते योग्यच होतं.

रिब कापायचे प्लायवुडचे ते दोन साचे अजून वापरात आहेत. दोन साच्यांमध्ये बाल्साचे चौकोनी तुकडे थप्पीनं रचायचे, दोन लांब बोल्ट आरपार घालून आवळायचे आणि सगळी थप्पी एकदम घासायची. स्पारची खाचही एकाच वेळी करवतीनं पाडायची. एकेक रिब वेगळी कापली तर अर्ध्या मिलिमीटरचा फरक राहतोच, आणि वरचं कव्हरिंग (कागद किंवा फिल्म) ताणलं की तो लाटेसारखा दिसतो. बोल्ट, वॉशर, खिळे, पॉलिशपेपर कुठून घ्यायचे तेही तुम्हीच सांगितलंत: रविवार पेठेत बोहरी आळी, आणि वायर, कनेक्टर, हीटश्रिंकसाठी बुधवार पेठ. नवीन मुलं सगळं ऑनलाइन मागवतात. पण दीड मिलिमीटरची पियानो वायर हातात घेऊन, वाकवून, ती परत सरळ होते की नाही हे पाहणं दुकानातच जमतं.

आता इंजिनाबद्दल जरा सविस्तर, कारण तुमच्या पिढीकडची ही विद्या सगळ्यात लवकर हातातून जाईल. तुम्ही दिलेलं ते कोलकात्याच्या ‘ऑरोरा’ बनावटीचं छोटं डिझेल इंजिन घट्ट अडकलेलं होतं. जुनं इंजिन अडकलं की ते गंजलंय असं वाटून लोक पक्कड लावतात आणि शाफ्ट ओरबाडतात. बहुतेक वेळा तो गंज नसतो, इंधनातलं एरंडेल वाळून झालेला चिकटा असतो. हेअर ड्रायरनं किंवा हीट गननं सिलिंडर हाताला चटका बसेल इतका तापवायचा, एक्झॉस्टमधून पातळ तेलाचे चार-पाच थेंब सोडायचे, थांबायचं, आणि लाकडी प्रॉप (प्रॉपेलर) लावून हातानंच पुढे-मागे हलवायचं. हललं नाही तर पुन्हा तापवायचं. जोर वाढवायचा नाही.

डिझेलचं इंधन म्हणजे इथर, रॉकेल आणि एरंडेल ढोबळमानानं सम भाग. इथर उडून जातं म्हणून बाटली लहान घ्यायची, झाकण घट्ट ठेवायचं आणि जवळ ज्योत नको. चालू करताना आधी कॉम्प्रेशनचा स्क्रू थोडा सैल करायचा, मग कार्बोरेटरच्या तोंडावर बोट ठेवून प्रॉप दोनदा फिरवायचा, आणि मग झटके. प्रॉप वर येता येता एकदम दगडासारखा अडला, तर आत इंधन जास्त झालंय. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे जोर केला की कनेक्टिंग रॉड वाकतो. स्क्रू आणखी सैल करून, इंजिन उलटं धरून जादा इंधन काढायचं. ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे कितीतरी चांगली इंजिनं पेटीत पडून राहिली असतील.

ग्लो इंजिनांच्या, म्हणजे ग्लो प्लग लावून मेथॅनॉलवर चालणाऱ्या इंजिनांच्या, बाबतीत तुम्ही सगळ्यांना एकच नियम लावला नाहीत, हे फार मोलाचं. रिंग असलेलं नवं इंजिन सुरुवातीला भरपूर रिच (हवेच्या मानानं इंधन जास्त), थोडा थोडा वेळ चालवून मध्ये गार होऊ द्यायचं. एबीसी जातीच्या (ॲल्युमिनियमचा पिस्टन, क्रोम चढवलेला पितळी सिलिंडर) इंजिनाचा सिलिंडर वरच्या टोकाला किंचित निमुळता असतो. तापल्यावर तो फुगून पिस्टनला जागा देतो. ते फार रिच आणि गार चालवलं तर तो घट्टपणा जायच्या आधीच पिस्टन घासत राहतो. म्हणून ते किंचितच रिच, पण पुरेसं गरम चालवायचं. मेथॅनॉल विषारी आहे, त्याची ज्योत उन्हात दिसत नाही, आणि ते हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा पुढे इंजिनाची बेअरिंगं खातो. दिवस संपला की टाकी रिकामी करून इंजिनात उरलेलं इंधन ते चालवूनच संपवायचं आणि तेलाचे थेंब सोडायचे, हा तुमचा शिरस्ता आम्हीही पाळतो.

पुण्याच्या हवेचं भान तुमच्याकडूनच आलं. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर. डिसेंबरच्या १२ अंशांच्या सकाळपेक्षा एप्रिलच्या ४० अंशांच्या दुपारी हवा सुमारे ९ टक्के विरळ असते. तेच विमान तेव्हा थोडं जास्त वेगानं उतरवावं लागतं आणि धावपट्टी लांब लागते. एप्रिलच्या दुपारी बसवलेली नीडल (इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) डिसेंबरच्या सकाळी तशीच ठेवली तर इंजिन लीन, म्हणजे कमी इंधनावर, चालतं आणि तापतं. म्हणून थंडीत ती आधी थोडी उघडायची. जून ते सप्टेंबर डोप लावायचा नाही. हवेतली वाफ ओल्या डोपवर धरते आणि कागद पांढुरका पडतो. पावसाळ्यात पंख उभे ठेवायचे नाहीत, सपाट फळीवर वजनाखाली ठेवायचे. पीळ आलाच तर किटलीच्या वाफेवर धरून उलट दिशेनं थोडा जास्त पिळायचा आणि गार होईपर्यंत तसाच धरायचा.

उडवायला शिकवताना तुमची रीत फार वेगळी होती. तुमचा आणि मुलाचा असे दोन ट्रान्समीटर जोडायच्या आधी तुम्ही दोन्हींचे ट्रिम (स्टिक मध्यावर असतानाची बारीक जुळणी) एकसारखे करून घेत होतात, नाहीतर ताबा तुमच्याकडे परत घेणारा स्विच सोडला की विमान दचकतं आणि मुलाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. विमान ७०-८० मीटर वर नेऊन मगच मुलाच्या हातात. समोरून येणाऱ्या विमानाला डावं-उजवं उलटं होतं, तिथे प्रत्येक जण गोंधळतो. तुमचं एकच वाक्य पुरायचं: जो पंख खाली झुकलाय, त्याच बाजूला स्टिक ढकल, टेकू दिल्यासारखी. आणि स्विच तुम्ही शक्य तितक्या उशिरा सोडत होतात. विमान सावरायची संधी आधी त्याला मिळायची. ज्याच्या हातात दुसऱ्याचं महिन्याभराचं काम आहे, त्यानं इतका वेळ थांबायला धीर लागतो. मुलांना त्या वेळी तो दिसत नाही, म्हणून तो इथे लिहून ठेवतोय.

विमान पडलं तर तुकड्यांना आधी कुणी हात लावायचा नाही, हाही तुमचाच नियम. बॅटरी सोडवून, सर्व्होचे (झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरींचे) कनेक्टर जागेवर आहेत का ते पाहायचं, त्यांच्या हॉर्नचा, म्हणजे दांडीचा, स्क्रू निघालाय का ते पाहायचं, मग तुकडे उचलायचे. तेही सगळे, नखाएवढेसुद्धा. बाल्सा तुटतो तिथे दोन्ही कडा एकमेकींत चपखल बसतात. मधला तुकडा हरवला की ती जागा गोंदानं भरावी लागते आणि वजन वाढतं.

तुम्हीही आमच्याकडून काही मागून घेतलंत, त्याचा आम्हाला फार आनंद आहे. विजेच्या विमानांची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी तुमच्यासाठी नवी होती. तीन सेलचा २२०० मिलिअँपिअर-तासाचा पॅक २.२ अँपिअरनं चार्ज करायचा, तोही मातीच्या कुंडीत ठेवून आणि समोर बसून. प्रत्येक सेल ३.६ व्होल्टच्या आसपास आला की उतरायचं; आठवडाभर वापरायचा नसेल तर ३.८ वर ठेवायचा. फुगलेला पॅक पुन्हा चार्ज करायचा नाही. हे तुम्ही शाळकरी मुलीकडून वहीत उतरवून घेतलंत आणि तिला दोन शंका विचारल्यात. टेबलावर सेटिंग करताना प्रॉप काढून ठेवायचा, हे मात्र तुम्ही तिला सांगितलंत. इंजिन झटका मारल्याशिवाय सुरू होत नाही, मोटर बॅटरी जोडल्यापासूनच सज्ज असते, हा फरक तुमच्या लगेच लक्षात आला.

ड्रोन नियम २०२१ मधली वजनांची वर्गवारी, २५० ग्रॅमपर्यंत नॅनो आणि तिथून २ किलोपर्यंत मायक्रो, आणि सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळावरचा, कुठे उडवता येतं ते दाखवणारा झोनचा नकाशा पाहणं, ही कामं आता आम्ही तरुणांनी अंगावर घेतलीयेत. लोहगावचा विमानतळ आणि हवाई दलाचा तळ शहराला लागूनच असल्यानं मैदानावर जाण्याआधी नकाशा पाहणं चुकवून चालत नाही.

तुमची नजर आता लांबवर विमानाची दिशा ओळखताना थकते, असं तुम्ही म्हणालात. त्यासाठी तुमच्या ग्लायडरच्या पंखाखाली आडवे काळे पट्टे आणि वरून केशरी फिल्म लावली आहे. दोन बाजू वेगळ्या दिसल्या की वळण लगेच कळतं. फिल्मनं ३८ ग्रॅम वाढले, तोलबिंदू ३ मिलिमीटर मागे गेला होता, बॅटरी पुढे सरकवून तो जागेवर आणला आहे. उडवताना आमच्यापैकी एक जण शेजारी उभा राहून दिशा सांगेल.

साचे परत करतोय. त्यांच्यावरून तीन जोड्या नव्या करून घेतल्या आहेत आणि प्रत्येकीवर रुंदी, स्पारची खाच आणि बोल्टचं माप कोरलं आहे. एक जोडी तुमच्या पेटीत ठेवली आहे; पुढचं मूल आलं की त्याला ती द्या.

तुमचे,
पुण्यातले तुमचे विद्यार्थी