कार्ड बदलण्याआधी मीटर लावा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

दसरा-दिवाळीच्या सुमारास खान्देशातलं जिनिंग-प्रेसिंग सुरू होतं आणि एक जुनी तक्रार पुन्हा कानावर येऊ लागते: पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकाचं) इतर उपकरणांशी कम्युनिकेशन मध्येच जातं आणि आपोआप परत येतं. जळगाव एमआयडीसीतल्या दालमिल, चटईचे नि पाइपचे कारखाने, धुळ्याच्या अवधान वसाहतीतली युनिट, शिरपूरकडच्या गिरण्या, सगळीकडे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे पॅनल अजून इमानाने चालताहेत. कायमचा बिघाड कुणीही शोधून काढतो. येणारा-जाणारा बिघाड छळतो, आणि त्यावर दोन चुकीचे उपाय रूढ झाले आहेत: पॅनल बंद करून पुन्हा चालू करणे, नाहीतर सरळ कार्ड (इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी) बदलणे.

बंद-चालू करणं धोक्याचं आहे. जुन्या अनेक पीएलसींमध्ये प्रोग्रॅम बॅटरीवर टिकलेल्या मेमरीत असतो. बॅटरी संपलेली असेल तर सप्लाय जाताच प्रोग्रॅम पुसला जातो, आणि मशीन बसवून देणारा माणूस कधीचाच हाताशी नसतो. म्हणून कशालाही हात लावण्याआधी प्रोग्रॅम लॅपटॉपवर उतरवून दोन ठिकाणी ठेवावा, आणि बॅटरी बदलायची तर सप्लाय चालू ठेवूनच. कार्डाचं म्हणाल, तर सीमेन्सची एस-७-३०० ही पीएलसी मालिका आता नवीन कामासाठी बंद झाली आहे, फक्त सुटे भाग मिळतात. बाजारातलं वापरलेलं कार्ड महाग मिळतं, त्याचा इतिहास ठाऊक नसतो, आणि बहुतेक वेळा दोष कार्डात नसतोच.

पहिलं काम वहीचं. पॅनलच्या दारात वही टांगा. कम्युनिकेशन गेलं की वेळ, कोणता स्टेशन नंबर (लाइनवरच्या एकेका उपकरणाचा क्रमांक) गेला, कोणता दिवा लाल होता नि तो लुकलुकत होता की स्थिर, आणि त्या क्षणी कोणती मोटर चालू किंवा बंद झाली, एवढं ऑपरेटरने लिहावं. आठवडाभरात वही बोलू लागते. दुपारी दोन ते पाचमध्येच जात असेल तर उष्णता किंवा थकलेला पॉवर सप्लाय. पावसाळ्यात पहाटे जात असेल तर ओल आणि गंजलेलं टर्मिनल. मोठी मोटर सुरू होताना जात असेल तर नॉइज (विजेचा अडथळा) किंवा सप्लायची बुडी (व्होल्टेज क्षणभर खाली जाणं). एकच स्टेशन जात असेल तर त्याच्याच जोडणीत बघा. एका ठिकाणापासून पुढची सगळी जात असतील तर दोष त्या ठिकाणी किंवा त्याच्या अलीकडच्या केबलमध्ये.

मग स्क्रू. सप्लाय बंद करून प्रत्येक कम्युनिकेशन टर्मिनलची तार हलकेच ओढून पाहावी. ४५ अंशांचा मे आणि डिसेंबरची थंडी यांत धातू वर्षानुवर्षं फुगतो-आकसतो, स्क्रू सैल होतात. बारीक तारांचा झुबका फेरूल (तारेच्या टोकाची धातूची टोपी) न लावता तसाच खुपसलेला असेल, तर त्यातली केसासारखी एक तार शेजारच्या टर्मिनलला टेकलेली सापडते. मशीन थरथरलं की टेकते, थांबलं की सुटते. हिरवट झालेली तार कापून नवीन टोक काढा, फेरूल दाबा. कार्डाच्या कडेच्या संपर्कपट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. त्यात पाणी आणि तेल असतं, वर रुईचे तंतू नि डाळीची भुकटी उलट आत सरकते. व्हॅक्यूम क्लीनर वापरा.

आता मीटर. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या लाइन आरएस-४८५ या दोन तारांच्या जोडणीवरच्या, मॉडबस पद्धतीने बोलणाऱ्या आहेत: टेम्परेचर कंट्रोलर, ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं उपकरण), एनर्जी मीटर त्याच दोन तारांवर. सगळ्यांचा सप्लाय बंद करून ए आणि बी तारांमध्ये रेझिस्टन्स मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतील तर साधारण ६० ओहम दिसतील. १२० दिसले तर एक गायब आहे, ४० दिसले तर कुणीतरी मध्ये तिसरा लावलाय. रुपया-दोन रुपयांच्या या वस्तूसाठी कार्डं बदलली जातात. मात्र ९६०० बॉडवर (सेकंदाला ९६०० बिट वेगावर) पन्नास-साठ मीटरची केबल असेल तर टर्मिनेशनशिवायही (टोकाच्या रेझिस्टरशिवायही) लाइन सहसा चालते. तिथे बायस (शांत लाइनवर दोन तारांमध्ये ठेवलेला थोडा व्होल्टेज) आधी तपासावा.

त्यासाठी स्टेशनचे सप्लाय चालू करा, मास्टरचं (सगळ्या स्टेशनांना माहिती विचारणाऱ्या मुख्य उपकरणाचं) विचारणं थांबवा आणि ए-बीमध्ये डीसी व्होल्टेज मोजा. २०० मिलीव्होल्टपेक्षा कमी असेल तर शांत लाइनवर रिसीव्हरला शून्य की एक ते ठरवता येत नाही, आणि बारीकसा नॉइजही त्याला डेटा वाटतो. दोन्ही टोकांना १२० ओहम असतील तर ५ व्होल्टला ५६० ओहमचा एक आणि ग्राउंडला ५६० ओहमचा एक, असे बायस रेझिस्टर मास्टरजवळ एकाच ठिकाणी लावा. सुमारे २५० मिलीव्होल्ट मिळतात. एवढं करूनही व्होल्टेज दबलेलंच राहिलं, तर एकेक स्टेशन लाइनवरून सोडवत जा. ज्याला सोडवताच व्होल्टेज वर उडी मारेल, त्याची ट्रान्सीव्हर चिप (लाइनवर संदेश पाठवणारी-घेणारी) अर्धवट जळलेली आहे. मे-जूनच्या विजांनंतर हे हमखास आढळतं. ७५१७६ किंवा मॅक्स-४८५ ही आठ पायांची चिप असते, चांगला कार्ड-दुरुस्तीवाला ती बदलून देतो. अख्खं कार्ड फेकायची गरज नसते.

लाइन एका स्टेशनवरून दुसऱ्यावर अशी ओळीने गेलेली हवी. नंतर वाढवलेल्या मशीनसाठी मधूनच फाटे फोडलेले असतात, ते मोडून केबल आत नेऊन बाहेर काढावी. मोटरच्या, विशेषतः ड्राइव्हपासून मोटरकडे जाणाऱ्या केबलपासून निदान ३०० मिलिमीटर अंतर ठेवा. ओलांडणं भागच असेल तर काटकोनात.

प्रोफिबस या दुसऱ्या जोडणी-पद्धतीची तऱ्हा निराळी. तिथलं टर्मिनेशन कनेक्टरमधल्या स्विचने होतं आणि त्याला त्या उपकरणाकडून ५ व्होल्ट लागतात. शेवटचा ड्राइव्ह रात्री बंद केला की टर्मिनेशनही मरतं आणि मधली स्टेशन तुटू लागतात. 'रात्रपाळीलाच जातं' या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं. शेवटी सतत चालू राहणारं स्टेशन ठेवावं किंवा स्वतंत्र सप्लायचा टर्मिनेटर बसवावा. अंतराचं बंधनही पाळा: १.५ मेगाबिटला एका सेगमेंटमध्ये (लाइनच्या एका सलग तुकड्यात) २०० मीटर, १८७.५ किलोबिटला १००० मीटर. लांब लाइनवर वेग कमी करणं हा फुकटचा उपाय आहे.

उष्णतेकडे आपल्या भागात जास्त लक्ष हवं. बाहेर ४५ अंश असताना बंद पॅनलमध्ये आणखी दहा-पंधरा अंश सहज चढतात. एस-७-३०० आडवा बसवला तर ६० अंशांपर्यंत चालतो, उभ्या रेलवर मात्र ४० पर्यंतच. जागा वाचवायला उभा बसवलेला रॅक उन्हाळ्यात का रुसतो, ते यात आलं. पॉवर सप्लायमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांच्या वाढीला साधारण निम्मं होतं. मल्टिमीटर मिन-मॅक्सवर ठेवून २४ व्होल्टच्या लाइनला तासभर लावा. मोठा कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) ओढताना व्होल्टेज २०.४ च्या खाली जात असेल तर सप्लाय बदला. पंख्याची जाळी जिनिंगमध्ये हंगामात रोज झाडायला हवी, तिथे रुईचा नमदाच बसतो.

अर्थिंगबद्दल एक गोष्ट आवर्जून. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते आणि अर्थ पिटचा रेझिस्टन्स वाढतो. फेब्रुवारीपासून पिटात नियमित पाणी घाला आणि मे महिन्यात मोजणी करा. पावसाळ्यात घेतलेलं रीडिंग दिशाभूल करतं. दोन शेडना वेगळं अर्थिंग असेल तर त्यांच्या ग्राउंडमध्ये व्होल्टेज मोजा. आरएस-४८५ ची सहनशक्ती उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट एवढीच आहे. मोठी मोटर सुरू होताना ती ओलांडली जात असेल तर मध्ये आयसोलेटेड रिपीटर (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा) टाका, नाहीतर शेड ते शेड फायबर ओढा. फायबरवरून विजेचा धक्काही पलीकडे पोचत नाही.

शेवटी सेटिंग. ९६०० बॉडवर दहा रजिस्टर (उपकरणातल्या माहितीच्या नोंदी) वाचायला तारेवरच सुमारे ४० मिलिसेकंद लागतात, वर जुना कंट्रोलर उत्तर द्यायला वेळ घेतो. नव्या स्काडात (देखरेखीच्या संगणकप्रणालीत) टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मुदत) ५० मिलिसेकंद ठेवला तर निरोगी लाइनही तुटल्यासारखी दिसते. ३०० ते ५०० ठेवा, तीन वेळा पुन्हा विचारू द्या. वारंवार सीआरसी चुका (संदेश बिघडून पोचल्याच्या) दिसत असतील तर दोष तारेत किंवा नॉइजमध्ये असतो. नुसते टाइमआउट असतील तर ते स्टेशन, त्याचा सप्लाय किंवा हे सेटिंग बघा.

ही सगळी तपासणी दोन माणसं दोन-तीन दिवसांत करू शकतात, पण मशीन थांबलेलं हवं. मालकांनी ती वेळ हंगाम सुरू होण्याआधी द्यावी. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारच्या आयटीआयना विनंती आहे की इलेक्ट्रिशियन आणि इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकच्या मुलांना पाच-सहा जुन्या कंट्रोलरची एक आरएस-४८५ लाइन कार्यशाळेत बांधून द्यावी. भंगारातले कंट्रोलर द्यायला कारखानदार तयार होतील. रेझिस्टर काढून, स्क्रू सैल करून, शेजारी ड्राइव्ह चालवून मुलांना दोष शोधायला लावावा.

आपला,
एक इन्स्ट्रुमेंटेशन तंत्रज्ञ, जळगाव