खेळाचा तास गणिताला देऊ नका

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

माझ्या मुलीला दुसरीत चष्मा लागला, उणे एकचा. आता ती चौथीत आहे आणि नंबर उणे अडीचवर गेलाय. चष्मा लागण्याआधी फळ्यावरचं ती शेजारणीच्या वहीत बघून उतरवायची. आम्ही ओरडायचो, लक्ष कुठे असतं तुझं? एकदा स्टॉपवर समोरून येणाऱ्या बसचा नंबर वाच म्हटलं, तर तिने डोळे बारीक केले. धस्स झालं.

डोळ्याचा गोळा मागे लांबत जातो आणि लांबलेला पुन्हा आखूड होत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. साध्या चष्म्याने दिसतं, पण लांबणं थांबत नाही. जितक्या लहान वयात चष्मा, तितका पुढे नंबर मोठा होण्याची भीती. आणि उणे सहाच्या पुढे डोळ्याच्या आतला पडदा सुटण्याचा धोका बराच वाढतो. आता नंबर वाढण्याचा वेग कमी व्हावा म्हणून रोज रात्री तिच्या डोळ्यांत अ‍ॅट्रोपीन या औषधाचा थेंब घालतो. ते आमचं आम्ही करू. पण तिचा धाकटा भाऊ जूनमध्ये पहिलीत जाईल, त्याच्यासाठी हे पत्र.

चीनमधल्या ग्वांगझूत सहा शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर दिला. तीन वर्षांत त्यांच्यातल्या 30.4 टक्के मुलांना लघुदृष्टी, म्हणजे असाच उणे नंबर, आली. असा तास नसलेल्या सहा शाळांत 39.5 टक्के मुलांना. 2015 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तैवानने तर 2010 पासून शाळाशाळांतून मुलांना रोज दोन तास बाहेर काढायला सुरुवात केली.

यात धावण्यापेक्षा उजेड महत्त्वाचा. उजेड लक्समध्ये मोजतात; वर्गात ट्यूबखाली जेमतेम तीन-चारशे लक्स असतात, बाहेर झाडाच्या सावलीतही हजारोंनी. म्हणजे एप्रिलच्या उन्हात मुलांना तापवायला नको, सावली पुरते. पाढे, कविता, परिसर अभ्यास, काहीही तिथे घेता येईल. मुंबईत मैदान नसलेल्या शाळा खूप, पण बहुतेकींना गच्ची किंवा जवळ एखादी बाग असते.

आमच्याकडे आठवड्याला पी.टी.चे दोन तास. चाचणी जवळ आली की दोन्ही गणिताला जातात. शिक्षकांना दोष देत नाही, त्यांच्यावर पोर्शन संपवायचं ओझं असतं. म्हणूनच हे वरून यायला हवं. पहिली ते सातवीला रोज 40 मिनिटं उघड्यावर, आणि तो तास वर्गात घेता येणार नाही, असा स्पष्ट शासन निर्णय काढा. जूनचं वेळापत्रक शाळा मे महिन्यातच लावतात, त्याआधी तो निघावा ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
एक आई, ठाणे