४६० चा नाद सोड

फार्मिंग्टन हिल्स, मिशिगन

प्रिय सुन्या,

गाडीचे फोटो बघितले. १९८९ ची फोर्ड मस्टँग, आतलं ३०२ क्यूबिक इंचांचं इंजिन अजून शाबूत, आणि गंज काय तो बॅटरीच्या ट्रेखाली. ओहायोत हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पडतं, तरी पत्रा एवढा टिकलाय म्हणजे आधीच्या मालकाने जीव लावला होता गाडीला. वहिनींना तू फक्त ‘जुनी आहे, स्वस्तात मिळाली’ एवढंच सांगितलंयस म्हणे. त्या भानगडीत मी पडत नाही.

आता इंजिनाचं. ड्रॅग रेसिंगसाठी, म्हणजे सरळ पाव मैलाच्या शर्यतीसाठी, ३४७, ४०८ की ४६० क्यूबिक इंचांचं, आणि खाली ‘सगळ्यात मोठंच घेऊन टाकू का?’ हे तू विचारलंस. फोनवर असतो तर आधी दोन शिव्या घातल्या असत्या, म्हणून सावकाश लिहितोय.

नुसत्या आकारावर जाऊ नकोस. टॉप फ्युएल या सगळ्यात वेगवान वर्गातल्या त्या लांबलचक गाड्यांना नियमाने ५०० क्यूबिक इंचांची मर्यादा आहे आणि प्रो स्टॉक या दुसऱ्या वर्गातही तेवढंच इंजिन असतं. पण टॉप फ्युएलवाले हवा कोंबणारा सुपरचार्जर लावून नायट्रोमिथेनचं जहाल इंधन पाजतात आणि अकरा हजारांच्या घरात हॉर्सपॉवर काढतात. साधं रेसिंग पेट्रोल पिणारं प्रो स्टॉकचं इंजिन दीड हजाराच्या आसपास थांबतं. तेव्हा इंच किती हे नंतर. पाव मैल किती सेकंदांत काढायचाय, ते आधी सांग.

एक जुना हिशेब आहे, कागदावर करून बघ. गाडीचं तुझ्यासकट वजन पौंडांत घे, त्याला हॉर्सपॉवरने भाग, आलेल्या आकड्याचं घनमूळ काढ आणि ५.८२५ ने गुण. तुझी गाडी ३,२०० पौंड धरू. ४०० हॉर्सपॉवर असेल तर भागाकार ८, घनमूळ २, वेळ ११.६५ सेकंद. ६४० केलीस तर भागाकार ५ आणि वेळ ९.९६. ताकद दीडपटीहून जास्त वाढवून हातात पावणेदोन सेकंदसुद्धा येत नाहीत, आणि तेही टायर घसरले नाहीत तर. शिवाय एनएचआरएचे, म्हणजे इथल्या ड्रॅग रेसिंगच्या संघटनेचे, नियम आहेत. तुझ्या सालच्या गाडीला ११.४९ किंवा त्याहून कमी वेळ आला की रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर वाचवणारी पोलादी कमान, लागते. ९.९९ वर आलास की पूर्ण केज (भोवती सगळा पोलादी पिंजरा), चॅसीची तपासणी आणि तुझं स्वतःचं रेसिंग लायसन्स. ४६० च्या किमतीत हा खर्च धरलायस का?

आणि तुला ब्रॅकेट रेसिंगच करायचंय ना? तिथं आपली वेळ आपणच आधी जाहीर करायची. हळू गाडीला तेवढ्या फरकाने आधी हिरवा दिवा मिळतो. ११.६० लिहून ११.५७ मारलेस तर ब्रेकआउट, म्हणजे बाद. ओहायोतल्या नॉरवॉकच्या ट्रॅकवर एकदा एक आजी बघितल्या, फोर्डची जुनी फेअरमाँट घेऊन आलेल्या. ती गाडीही आतून तुझ्या मस्टँगच्याच सांगाड्याची, इंजिन साधं ३०२. काचेवर पांढऱ्या शू पॉलिशने १३ च्या पुढचा काहीतरी आकडा लिहिलेला. रांगेत उभ्या असताना ऊन गेलं, वारा फिरला. बाई खाली उतरल्या, ओल्या फडक्याने शेवटचा आकडा पुसला, दोन शतांश कमी करून लिहिला आणि पुन्हा हेल्मेट चढवलं. थंड हवेत इंजिन जरा जास्त ओढतं, त्याचा तो हिशेब. शेजारच्या लेनमध्ये बिग ब्लॉकवाला (४६० सारखं थोराड इंजिन) होता, नुसता गडगडाट. दिवा लागला, त्याचे मागचे टायर जागीच फिरले, आणि आजी शांतपणे जिंकून परत आल्या. (नॉरवॉकला पौंडभर आइस्क्रीम मिळतं. मुलांना घेऊन जा, म्हणजे वहिनींचाही विरोध मावळेल.)

आता तुझी तीन इंजिनं. ४६० माझ्या मते बाद. ३०२ पेक्षा दोनशेहून जास्त पौंड जड, आणि ते सगळं पुढच्या चाकांवर. आपल्याला वजन मागच्या टायरवर हवंय. त्यातून इंजिन माउंट, हेडर (एक्झॉस्टचे पाइप), गिअरबॉक्सची जोडणी, सगळंच बदलायचं.

३४७ चा मोह मला कळतो. तुझाच ब्लॉक, बोअर (सिलिंडरचा व्यास) ४.०३० इंच, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ३ वरून ३.४ करणारा क्रँक, आणि बाहेरून काही फरक नाही. (आपल्या बुलेटचे साडेतीनशे सीसी, आणि इथले ३४७ इंच म्हणजे जवळपास ५,७०० सीसी. हसू येतं कधीकधी.) पण खोट ब्लॉकमध्येच आहे. मूळ ३०२ चा ब्लॉक ५०० हॉर्सपॉवरच्या आसपास गेला की मधोमध चिरतो. लिफ्टरच्या खोबणीतून क्रँकच्या बेअरिंगपर्यंत उभी भेग, अक्षरशः दोन फाका. ४०० वर राहणार असशील तर ३४७ खुशाल बांध. पण मी तुला शाळेपासून ओळखतो. पुढच्या हिवाळ्यात तू ताकद वाढवणाऱ्या नायट्रसची बाटली आणणारच.

म्हणून माझं मत ४०८ ला. भंगारवाल्याकडून फोर्डच्या एखाद्या एफ-१५० पिकअपचा ३५१ विंडसर इंजिनाचा ब्लॉक आण, शक्यतो १९९४ नंतरचा, कारण त्याला रोलर लिफ्टर (व्हॉल्व्ह उचलणारे चाकवाले तुकडे) बसतात. बोअर तोच ४.०३०, स्ट्रोक ४ इंच. लांब स्ट्रोकला पिस्टन जास्त पळतो हे खरं. ६,५०० आरपीएमला ३४७ चा पिस्टन मिनिटाला सरासरी ३,६८० फूट धावतो, ४०८ चा ४,३३० च्या वर. पण ४०८ ला ६,५०० पर्यंत नेतंय कोण? ५,८०० लाच तुझं काम भागेल आणि तिथं पिस्टन ३,८७० च्या आत राहतो. इंजिन असं निवांत चाललं की व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा टिकतात, दर फेरीला वेळ तीच येते, आणि ब्रॅकेटमध्ये आपल्याला दुसरं काय हवंय? कॉम्प्रेशन साडेदहाच्या आसपास ठेव, हेड ॲल्युमिनियमचं घे, म्हणजे पंपावरच्या ९३ ऑक्टेनवर भागेल.

अडचणी आहेत. ३५१ चा ब्लॉक साधारण १.३ इंच उंच आहे आणि त्यामुळे रुंदही; इनटेक आणि हेडर वेगळे लागतील, बॉनेटला फुगवटा लागू शकतो. ऑइल पॅन या गाडीसाठी बनवलेलाच घे. आणि एक गोष्ट फ्रिजवर लिहून चिकटव. तुझ्या ३०२ चं बॅलन्सिंग (क्रँकचा तोल साधायला त्याच्या दोन टोकांना ठेवलेलं जास्तीचं वजन) ५० औंसांचं आहे, ३५१ चं २८ चं. ४०८ चा क्रँक कितीचा आहे ते विकणाऱ्याला आधी विचार आणि पुढचा डँपर नि मागची फ्लेक्सप्लेट (क्रँकच्या दोन टोकांच्या चकत्या) त्याच आकड्याची घे. जुनी फ्लेक्सप्लेट वाचवायला गेलास तर इंजिन असं थरथरेल की बेअरिंग गेलेच समज.

राहिलेले पैसे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा टॉर्क कन्व्हर्टर, मागचे टायर आणि सस्पेन्शनवर घाल. पहिल्या साठ फुटांत वाचवलेला एक दशांश सेकंद पाव मैलाच्या टोकाला दीड दशांश होऊन येतो, आणि तो हॉर्सपॉवरपेक्षा स्वस्त पडतो. रोल बार मात्र नियमात बसो न बसो, पहिल्या दिवशीच लाव. यावर वाद नको.

ब्लॉक बघायला जाशील तेव्हा सिलिंडरच्या भिंतींची सोनिक टेस्ट (ध्वनिलहरींनी जाडी मोजायची) करून घेतल्याशिवाय पैसे मोजू नकोस. लेथवाला कोण शोधलायस? उद्यमनगरातल्या मिस्त्रीसारखा बोट फिरवून बोअर सांगणारा असेल तर उत्तमच, तरी मायक्रोमीटरचे आकडे लेखी माग आणि मला पाठव. मे महिन्यात इंजिन उतरवणार असशील तर शनिवार-रविवार बघून कळव, माझा क्रेन घेऊन येतो.

तुझा,
पम्या